वाढीव वर्षांची वही

त्या दिवशी मी फक्त एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं होतं. आता माझ्यासारख्या बाईनं एका प्रश्नावर थांबायचं ठरवणं म्हणजे म्हशीनं डबक्यात एकच पाय बुडवायचं ठरवण्यासारखं आहे, हे मला कळायला हवं होतं. पण वय वाढलं की अक्कल वाढते असं थोडंच आहे? (माझं वय किती ते विचारू नका. पुढं ते बाहेर येणारच आहे, आणि तेही चारचौघांत.)

पानशेतचं धरण फुटायच्या दोन वर्षं आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव मुठा खोऱ्यातलं. आमच्या घराला लागून हैबतरावांचं घर, मध्ये नुसता कारवीचा कूड. त्या कुडावरचं शेणामातीचं लिंपण बरोबर माझ्या कानाच्या उंचीवर पातळ झालंय, त्यावरून लोक काय वाटेल ते बोलतात. बोलू देत. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

तर हैबतरावांचा भैरू पुण्याहून गणितातली बी.एस्सी.ची परीक्षा देऊन आला होता. एवढं शिकलेला गावातला पहिलाच. आणि तिकडं उरवड्याला माझ्या थोरल्या बहिणीची रत्ना लग्नाची झाली होती. ही दोन पोरं माझ्या डोक्यात केव्हाच पाटावर बसली होती, मध्ये नुसता अंतरपाट धरायचा बाकी होता. म्हणून मी अंगणात उभ्या उभ्या विचारलं, "काय रं भैरू, आता पुढं काय?"

"अ‍ॅक्च्युअरी व्हायचं म्हणतोय, काकी."

(हा शब्द मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतला, तेव्हा कुठं आज इथं उतरवता आला. चौथी पास बाईला एवढं जोडाक्षर एका दमात झेपत नाही.)

"ते काय असतंय?"

"विम्याच्या कंपनीत गणित करणारा. माणसं किती वर्षं जगतात, कोणत्या वयात किती मरतात, ते काढायचं. मग त्यावरनं विम्याचा हप्ता ठरतो."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे कोन कवा मरनार ते तुला कळनार?"

"एकट्याचं न्हाई कळत, काकी. हजार माणसांचं कळतं. हजारातली किती साठीच्या आत जातील, ते सांगता येतं."

"मग त्या हजारातली कोन जानार?"

"ते न्हाई सांगता येत."

"मी जानार का न्हाई, एवढं तरी?"

"न्हाई."

"मग एवढं शिकून उपेग काय रं तुझा?"

भैरू हसला. पोरगं शांत. आमच्या घरात मी असा प्रश्न विचारला असता तर आमचे मालक बैल पाणी दाखवायला घेऊन गेले असते, आणि बैलांना तहान लागलेली नसताना.

मग त्यानं खरी अडचण सांगितली. त्याच्या कॉलेजातले एक प्रोफेसर मुंबईला सरकारी विमा महामंडळात त्याच्यासाठी शब्द टाकणार होते. तिथं नोकरी करत करत परीक्षा द्यायच्या, त्यांचे पेपर विलायतेहून येतात. पण प्रोफेसरांनी काम सांगितलं होतं: आपल्या गावात गेल्या चाळीस वर्षांत कोण कितव्या वर्षी वारलं त्याचा तक्ता करून आण. मंगळवारी तो द्यायचा होता. आणि हैबतराव काही ऐकायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, गावच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी आहे, पोरानं घरून डबा नेऊन पोरं शिकवावीत. मेलेली माणसं मोजायला मुंबईला जायची काय गरज?

मी त्याच दुपारी हैबतरावांच्या ओसरीवर जाऊन बसले. अर्ध्या तासात त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. रविवारी उरवड्याहून रत्नाचे वडील, आमचे कुशाबादाजी, माझ्याच निरोपावरून मुलगा बघायला येणार होतेच. हैबतराव म्हणाले, "तुमचं दाजी ह्या असल्या धंद्यावाल्याला पोरगी द्यायला राजी झालं, तर जाऊ द्या त्याला मुंबईला. न्हाई म्हनलं, तर भैरू शाळेत मास्तर. मग त्यानं पुन्हा तोंडातनं मुंबई काढायची न्हाई."

"ठरलं," मी म्हणाले. आणि येता येता भैरूला सांगितलं, "वही दे. घरोघरचं मी आनते."

तुम्हीच सांगा, चूक होती का? पोरगा बिचारा दारात उभा राहून 'तुमच्यात कोण कोण मेलं' म्हणून विचारणार कसा? लोकांनी कुत्रं सोडलं असतं. मी मात्र गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचलेली बाई. जे मला एरवीसुद्धा विचारायचं असतं तेच आता विद्येसाठी विचारायचं होतं. माझ्या हातात वही आली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपला स्वभाव हा दोष नसून गुण आहे, फक्त आजवर त्याला वही मिळाली नव्हती.

पण काम सोपं नव्हतं. आमच्याकडं साल कुणाला माहीत? पलेग, मानमोडीची साथ, आणि मुळशीचं धरण, ह्या तीन खुंट्यांवर गावाचा सगळा काळ टांगलेला.

"आजा कवा गेला तुमचा?"

"धरनाचं पानी चढलं त्या साली."

"किती वय व्हतं?"

"पलेगात त्यो गुरं राखायचा म्हनं."

"म्हंजे किती धरू?"

मग सून म्हणायची, "साठ धरा." लगेच आतून सासू ओरडायची, "साठ? मामंजींनी पनतू बघितला व्हता! सोन्याची फुलं उधळल्याली त्यांच्यावर!"

आता आमच्याकडची रीत अशी, की ज्या म्हाताऱ्यानं पणतवंडाचं तोंड बघितलं त्याच्यावर सोन्याची फुलं उधळायची. मोठा मान असतो तो. माझ्या वहीप्रमाणे आमच्या गावात गेल्या चाळीस वर्षांत एवढी सोन्याची फुलं उधळली गेली, की ती वेचली असती तर गावाला कौलाऐवजी सोन्याचे पत्रे घालता आले असते. आणि एकदा पणतू बघितला म्हटला की साठ कसे चालतील? मी नव्वद लिहायची.

त्यात माझाही हात ढिला. एवढ्या आपुलकीनं बसवून चहा पाजायचे लोक. मेलेल्या माणसाला चार वर्षं जास्त दिली तर माझ्या घरचं काय जातंय? गुळाचा चहा असला तर मी दोन वर्षं वाढवायची, साखरेचा असला तर पाच. एका घरात चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू दिला, त्या घरची आजी मी एकशे तीनपर्यंत नेली.

फक्त धनगरवाड्यावर तुकाबाईच्या दारात पेन्सिल अडली. मी विचारलं, "तुझं कोन गेलं?" ती लोकर पिंजत होती. हात न थांबवता म्हणाली, "चार. एक चालाया लागलं व्हतं." मी पेन्सिल धरून बसले आणि नुसतीच बसले. मग म्हणाले, "ऊन लई हाय, न्हाई का?" आणि वही मिटली. त्यानंतर लहान पोरांचं मी कुणालाच विचारलं नाही. लिहायला गणितात जागा नसेलच, असं मनाशी ठरवून टाकलं.

इथवर झालं ते झालं. पण परत येताना देवळाच्या पारावर कोंडाजीबाबा भेटले. गावातले सगळ्यात थोरले. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, दोन मुलगे, आणि ह्याच उन्हाळ्यात मुलांना जमिनीची वाटणी करून देणार होते.

"रंभे, त्यात माझं बघ की. कितवर हाय?"

मी म्हणाले, "बाबा, एकट्याचं सांगता येत न्हाई, हजाराचं येतं." (बघा, मी किती जबाबदारीनं वागत होते.)

"मी काय हजार मानसं कुटनं आनू? माझंच बघ."

आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी वही उघडली. पानावरचे म्हातारे सगळे पंचाण्णवच्या आसपास गेलेले. बाबा म्हणाले, मी पंचाहत्तरचा. मी बोटांवर मोजलं. गणित माझ्या हातातलंच होतं, आकडेही माझेच होते, पण एकदा पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं की माझा माझ्यावरसुद्धा विश्वास बसला. म्हणाले, "बाबा, अजून वीस वरसं कुटं जात न्हाई तुमी."

कोंडाजीबाबा काठी न घेताच उठले.

शनिवारी भैरूनं वही घेऊन तक्ता केला. कुडाच्या पलीकडून मला नुसतं "छे, असं कसं?" एवढंच ऐकू येत होतं. मी समजले, गणित अवघड असणार.

रविवारी कुशाबादाजी आले. ओसरीवर घोंगडं अंथरलेलं. हैबतराव, दाजी, आमचे मालक भिवाजी, आणि कोपऱ्यात भैरू कागद घेऊन. मी आणि तुळजाबाई, म्हणजे भैरूची आई, आत दाराआड पदर घेऊन. पोहे झाले, चहा झाला. दाजींनी मिशी पुसली.

"बरं, पोरा, धंदा काय म्हनलास?"

भैरूनं समजावून सांगितलं. दाजींनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "आन तुझ्या कागदानं ह्या गावचं काय काढलं?"

भैरू जरा चाचरला. "कागदाप्रमाणं... आमच्या गावात साठीच्या आत कुणी मरत न्हाई."

हैबतरावांनी जरा अभिमानानंच दाजींकडं बघितलं, जणू गाव पितं ते पाणी त्यांच्याच विहिरीचं.

दाजी म्हणाले, "माझी मावशी ह्याच गावात दिल्याली. तिशीच्या आत गेली की ती. मी सोता खांदा दिला."

आत तुळजाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं.

तेवढ्यात अंगणात कोंडाजीबाबा. गुलाबी फेटा, दाढी गुळगुळीत, मिशीला तेल. दाजींसमोर बसले आणि रोखठोक विचारलं, "उरवड्याकडं पाट लावायजोगी एकादी बाई हाय का? चाळिशीच्या आतली बघा. मला अजून वीस वरसं काढायची हायेत."

"कुनी सांगितलं वीस?" दाजी.

"भैरूच्या वहीत हाय की! छापल्यागत!"

आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा थोरला मुलगा, पायात वहाण नाही, घामाघूम. "हैबतराव! तुमच्या पोराला म्होरं काढा! आमचा बाबा औंदा वाटनी करनार व्हता. आता म्हनतोय वीस वरीस थांबा! वीस वरसांनी मी काय वाटनीच्या बांधावर काठी टेकत जाऊ व्हय?"

"तुझी घाई दिसतीया मला," कोंडाजीबाबा म्हणाले.

"घाई न्हाई बाबा, पर वही तर बघू द्या!"

दाजी हळूच हैबतरावांकडं वळले. "पावणं, तुमचा पोरगा गणित शिकलाय का देवऋषीपना? मरनाची तारीख सांगनाऱ्याच्या घरी मी पोरगी न्हाई द्यायचो. उद्या माझीच सांगंल."

हैबतराव उठले. "भैरू, ठेव त्यो कागद. उद्या शाळेत अर्ज दे. मुंबई संपली."

भैरूनं कागदाची घडी घातली. एवढ्या हळू घडी घालत होता, जणू नवं धोतर ठेवतोय.

मला ते बघवलं नाही. पावण्यांसमोर बाईनं ओसरीवर यायचं नसतं, मी आले. पदर नीट घ्यायचाही राहिला.

"दाजी, पोराची चूक न्हाई. वही मी लिवली. वयं मी वाढवली. बाबांना वीस वरसं मी दिली."

"तू दिलीस?" कोंडाजीबाबा. "मग काढून का घेतीस?"

"आन सोन्याची फुलं?" भैरूनं विचारलं.

"निम्मी माझी."

"एकशे तीन?"

"लाडू व्हता," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

भैरूनं वही उघडली आणि पानं उलटू लागला. शेवटी मी जिवंत माणसांचीही वयं टिपली होती, त्या पानावर थांबला. "काकी, तुमचं वय हितं तेहेतीस लिवलंय."

आमचे मालक सकाळपासून तोंडातनं अक्षर काढत नव्हते. त्यांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं, "लगीन होऊन तीस झाली."

ओसरी हसली. बाबांचा थोरला हसला, दाजी हसले, भिंतीला टेकलेला नांगरही हसला असता. मी खाली बघितलं. म्हटलं, हसू देत, पोराची मुंबई वाचली तर वाचली.

पण भैरू हसत नव्हता. "आणि पोरं, काकी? चाळीस वरसांत ह्या गावात एक बी लहान पोर न्हाई गेलं?"

"गेली असतील."

"मग?"

"तुकाबाईची चार. मला लिवता आली न्हाईत, भैरू. चार ह्यो आकडा मला काय येत न्हाई असं न्हाई. पर त्या दारात आला न्हाई."

मग दाराआडून तुळजाबाईंचा आवाज आला. त्या बाईचा आवाज पावण्यांसमोर मी कधी ऐकला नव्हता.

"माझी दोन लिव. तुझ्या आदीची."

भैरूनं दाराकडं बघितलं, मग बापाकडं. त्याला माहीतच नव्हतं. हैबतराव अजून उभेच होते. ते हळूच खाली बसले. "थोरला आठ महिन्यांचा व्हता," ते म्हणाले. "धाकटीला नाव ठेवायचं ऱ्हाऊन गेलं."

"आमचं एक," कुशाबादाजी म्हणाले. "रत्नाच्या पाठीवरलं."

भैरूनं पेन्सिल घेतली. लिहू लागला. हैबतरावांनी जरा वेळानं विचारलं, "हे लिवून काय व्हतं रं?"

"लिवलं न्हाई, तर ती जन्मालाच आली न्हाईत असं दिसतंय, आबा."

भैरूनं लिहिलेल्या ओळीवरून हैबतरावांनी बोट फिरवलं. मग घसा साफ केला आणि भलत्याच रागानं म्हणाले, "मंगळवारची यष्टी किती वाजता हाय पुण्याची? का तेबी मीच इचारून येऊ?"

त्या संध्याकाळी आणि सोमवारभर गावातल्या बाया एकेक करून हैबतरावांच्या अंगणात आल्या. ह्या वेळी वही भैरूच्या हातात होती. कुणी पणतवंडं सांगितली नाहीत. तुकाबाई सगळ्यात आधी आली. चारही पोरांची नावं सांगितली, आणि प्रत्येकाच्या पुढं तो आकडा लिहीपर्यंत उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, रंभाबाई, शेवटी तुमच्यामुळंच सगळं चांगलं झालं की. मलाही तसंच वाटत होतं. रविवारी दाजी निघताना मी उंबऱ्यात उभी राहून वाटच बघत होते, की आता ते माझं नाव काढतील.

"सोयरीक मला मान्य हाय," दाजी हैबतरावांना म्हणाले. "पोरगा खरं सांगतोय, वाढवून सांगत न्हाई. रत्नाला एकोणीस चालू हाय, तुमाला चाललं ना?"

आतून तुळजाबाई म्हणाल्या, "रंभाबाई तर सोळा म्हनली व्हती."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग पायात वहाण सरकवली. "पावणं, लगीन पक्कं. फकस्त मध्यस्थ तेवढा बदला."

मध्यस्थ म्हणून त्यांनी कोंडाजीबाबांना बोलावलं. म्हाताऱ्यानं आठ दिवसांत बोलणी पुरी केली, वाटणीही करून टाकली आणि पाटाचा नाद सोडला. म्हणाले, ह्या धावपळीतच माझी पाच वरसं गेली. लग्नात मध्यस्थाच्या मानाचा फेटा त्यांना बांधला, आणि पहिल्या पंगतीला ते नवरदेवाच्या बापाच्या मांडीला मांडी लावून बसले.

आणि मी? मुलीची सख्खी मावशी, मुलाची सख्खी शेजारीण? मला पंगतीत मीठ वाढायला दिलं. म्हटलं चला, निदान सुरुवात आपल्या हातून होतेय. पदर खोचला आणि पहिल्या पत्रावळीवर मायेनं मीठ घातलं. तर मागून तुळजाबाईंनी माझा हातच धरला.

"रंभाबाई, चिमटीनं. मीठ हाय त्ये, वय न्हाई."